आजीची दुभाषी

गेली काही वर्षे दूरदर्शनच्या आठवणी लिहिण्याची जणू साथच आली आहे. लाकडी शटरचा कृष्णधवल संच, कौलांवर चढून अँटेना फिरवणारा थोरला भाऊ, 'आलं का?' 'आलं, आलं... गेलं, परत मागं फिरीव' ही खालून वर चालणारी आरडाओरड, रविवारी सकाळी ओस पडलेले रस्ते. या आठवणी खोट्या नाहीत. आमच्याही बऱ्याचशा त्याच आहेत. मात्र असे लेखन वाचताना भाषेच्या मास्तरकीची खोड जागी होते आणि नजर एका सर्वनामावर अडकते. 'तेव्हा आपण सगळे एकत्र बसून पाहायचो.' आपण सगळे.

प्रथमपुरुषी अनेकवचनाची मराठीत दोन रूपे आहेत, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. हिंदीच्या 'हम'ला किंवा इंग्रजीच्या 'वुई'ला हा फरक एका शब्दात करता येत नाही. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत दोन गुणांसाठी लिहितात. आम्हांलाही त्यात याहून अधिक काही दिसत नसे. नंतर ते दिसू लागले, त्याचे कारण पुढे येईल.

आधी आमच्या 'आम्ही'विषयी. आम्ही दोघी कोल्हापूरच्या एका जुन्या पेठेत, एकाच गल्लीत वाढलो. एकीचे घर वाड्यात, दुसरीचे वाड्यासमोरच्या बोळात. पहिलीपासून एका बाकावर बसलो, शिवाजी विद्यापीठातून मराठीत एम.ए. झालो आणि आता शहरातल्या दोन महाविद्यालयांत मराठी शिकवतो. हा लेख दोघींनी मिळून लिहिला आहे. जिथे दोघींची आठवण जुळत नाही, तिथे 'वाड्यातली' आणि 'बोळातली' अशी वेगळी नोंद करतो. वाड्यातलीच्या घरी टीव्ही होता. बोळातली मुसलमान. तिच्या वडिलांचा कपिलतीर्थ मार्केटात फळांचा गाळा होता.

दूरदर्शन कोल्हापुरात आले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. 1982च्या 15 ऑगस्टला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1983मध्ये इन्सॅट-1बी हा उपग्रह अवकाशात गेला, आणि त्यानंतर गावोगावी लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली. या केंद्रांचे काम मुख्यतः उपग्रहावरून येणारी दिल्ली खाली उतरवून घेण्याचे आणि आसपासच्या घरांत पोचवण्याचे. मुंबई केंद्र 1972च्या 2 ऑक्टोबरपासून मराठी कार्यक्रम दाखवीत होते. 'गजरा', 'चिमणराव' ही नावे आम्ही मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांकडून ऐकत होतो. आमच्या पडद्यावर मात्र सुरुवातीच्या काळात दिल्लीच जास्त दिसे. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी चित्रपट घडवले, जिथे प्रभातने 1932 साली 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीतही काढला, त्या शहरात घराघरांतला पडदा आला तो हिंदी बोलत. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे आठवत नाही. चित्र हलत होते, एवढे पुष्कळ होते.

तक्रार होती ती एकट्या वाड्यातल्या आजीची. तिला हिंदी येत नसे. श्रीधराचा 'पांडवप्रताप' आणि 'रामविजय' चातुर्मासात वाचून वाचून तिला जवळपास मुखोद्गत झाले होते, कीर्तनकाराने आख्यान लावताना एखादा दुवा गाळला तर ती जागच्या जागी कुरकुरे. परंतु 'क्यों' आणि 'कैसे'पुढे तिची गाडी जात नसे. वाड्यातले पुरुष कार्यक्रम चालू असताना बोलत नसत. काकू-आई स्वयंपाकघरातून येऊन-जाऊन पाहत. मग आजी विचारणार कोणाला?

'समोरच्या पोरीला बोलवा,' ती एके दिवशी म्हणाली. 'त्यांच्यात हिंदीच बोलत्यात न्हवं.'

बोळातली आतापर्यंत इतर मुलांबरोबर उंबऱ्यावर बसून पाहत होती. उंबऱ्यावर पाच-सहा जण मावत. बाकीचे पायरीवर, खिडकीच्या गजांना धरून. त्या दिवसापासून तिला आजीच्या पलंगाजवळ, घडी घातलेल्या घोंगडीवर जागा मिळाली. दारातून ती 'आजी, मी आलो' म्हणत आत येई. (कोल्हापुरात मुली 'मी आलो', 'मी जातो' असेच म्हणत, 'आले', 'जाते' आम्ही शाळेत शिकलो आणि पुणेरी मैत्रिणींसमोर वापरू लागलो.) वय वर्षे नऊ-दहा, आणि पदवी दुभाषाची.

आता एक गोष्ट उघड करायला हरकत नाही. बोळातलीला ती हिंदी येत नव्हती. तिच्या घरात जे बोलले जाई त्यात 'नक्को' होते, 'कायकू' होते, 'हमना' आणि 'तुमना' होते, आणि दर चार शब्दांमागे एक मराठी शब्द होता. फळांचे भाव मराठीत, भांडणे मराठीत, लाड दख्खनीत. दिल्लीहून येणारी हिंदी तिला वाड्यातलीइतकीच परकी होती. मुसलमान म्हणजे हिंदी येणारच, हे आजीचे अनुमान तिने खोडून काढले नाही. काढले असते तर घोंगडीवरची जागा गेली असती.

म्हणून ती रचू लागली.

1986 साली 'बुनियाद' सुरू झाली. मनोहर श्याम जोशींचे लेखन, रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप यांचे दिग्दर्शन. लाहोरमधल्या एका कुटुंबाची, पुढे फाळणीत उखडलेल्या माणसांची कथा. संवादांत पंजाबी आणि उर्दू इतकी, की हिंदीच्या पुस्तकातले धडे वाचून ते कळणे शक्य नव्हते. आलोकनाथांचे हवेलीराम मालिकेत मास्तर आहेत. आजीच्या 'बुनियाद'मध्ये ते आंब्याचे व्यापारी होते. रत्नागिरीहून माल उशिरा आल्यामुळे ते चिंतेत असत. अनिता कंवर यांची लाजो रडू लागली की तिच्या सासूने तिला माहेरी जाऊ दिले नाही, हे ठरलेले. कारण त्याच महिन्यात बोळातलीच्या आत्याला तिच्या सासूने ईदला माहेरी पाठवले नव्हते. आजी हे सर्व जिवाच्या कानाने ऐके, डोळे पुसे आणि दुसऱ्या दिवशी नळावर बायकांना सांगे. त्या बायकांच्या घरी टीव्ही नव्हता. म्हणजे पेठेच्या एका भागात दिल्लीहून प्रक्षेपित झालेल्या मालिकेची एक वेगळीच संहिता काही महिने चालू होती आणि तिची लेखिका चौथी-पाचवीतली मुलगी होती. आज भाषांतर आणि रूपांतर यांतला भेद शिकवताना आम्हां दोघींनाही हसू आवरावे लागते.

वाड्यातलीला हे कळत होते. काका तिला राष्ट्रभाषेच्या परीक्षांना बसवीत; 'मास्टर' म्हणजे आंब्याचा व्यापारी नव्हे, एवढे तिला नक्की ठाऊक होते. ती गप्प राहिली, कारण आजीची 'बुनियाद' पडद्यावरच्यापेक्षा जास्त चांगली चालली होती.

एकदाच दुभाषी अडली. फाळणीचा भाग आला. पडद्यावर माणसे घरे सोडून चालली होती, सामान बांधत होती, कोणी हंबरडा फोडीत होते. आजी विचारू लागली, 'काय झालं? कुठं निघाल्यात सगळी?' रचायला वेळ नव्हता. आदल्या वर्षी बोळात दोन भावांत घर विभागले होते, तेव्हा ऐकलेला शब्द तिच्या तोंडी आला. 'वाटण्या झाल्या, आजी.'

आजीने क्षणभर विचार केला. 'वडील हयात असताना?'

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला अजून देता आलेले नाही. फाळणीवरच्या चर्चासत्रांत आम्ही दोघींनी निबंध वाचले आहेत. एवढ्या नेमका प्रश्न आमच्यापैकी एकीलाही सुचलेला नाही.

1987च्या जानेवारीत 'रामायण' आले आणि सगळे उलटे झाले. आजीला आता दुभाष्याची गरज उरली नाही. रामानंद सागरांच्या पात्रांनी तोंड उघडण्याआधीच तिला पुढचे ठाऊक असे. हिंदी तर ती ऐकतही नसे; ती पडद्यावरच्या हालचालींना स्वतःच्या 'रामविजया'तून आवाज देत असे, आणि जिथे सागरांचे श्रीधराशी जमत नसे तिथे दोष सागरांचा. बोळातली त्या पहिल्या रविवारी दारात घुटमळली. आपले काम संपले हे तिला कळले होते. आजीने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, 'ये की. सांगायला नको, ऐकायला ये.'

त्या वर्ष-दीड वर्षात बोळातलीने जे ऐकले त्यावर ती आजही शिकवते. ओवीची चाल, आख्यान लावण्याची रीत, 'ऐका' म्हणून श्रोत्याला हाताशी धरणे, मूळ कथेत नसलेला प्रसंग घुसवताना आवाज थोडा खाली आणणे. पुढे एम.ए.ला मध्ययुगीन मराठीचा पेपर आला तेव्हा वर्गात बाकीचे आख्यानकाव्यांच्या लांबीवर कुरकुरत होते, आणि तिला ते घरातले बोलणे वाटत होते. कोणाच्या घरातले, हा प्रश्न तेव्हा तिला पडला नव्हता.

रविवारी टीव्हीला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. चपला बाहेर काढल्या जात. संचापुढे केळी ठेवली जात आणि ती केळी बोळातून येत. वडील पहाटे मार्केटात जाताना अर्धा डझन वेगळी काढून ठेवीत. ते पैसे घेत नसत, आणि काकाही दोनदा विचारून मग विचारीनासे झाले होते. यात कोणाला काही विशेष वाटत नसे. 1985 ते 1987 अशी सलग तीन वर्षे मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले होते आणि आमच्या पेठेतल्या तालमीत गणपती आणि पंजा शेजारी शेजारी बसले होते. दोन्हींच्या मिरवणुकीत पोरे तीच, ढोल तेच. कोल्हापुरात हे जुने आहे. बाहेरच्या मित्रांना आम्ही ते अभिमानाने सांगतो आणि आजही सांगू.

म्हणूनच पुढचे लिहायला आम्हांला इतकी वर्षे लागली असावीत.

1988च्या जानेवारीत शनिवारी रात्री 'तमस' दाखवायला सुरुवात झाली. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. फाळणीपूर्वी पंजाबातल्या एका गावात नथू नावाच्या माणसाकडून एक डुक्कर मारून घेतले जाते, ते मशिदीच्या पायरीवर सापडते, आणि गाव पेटते. मालिका थांबवावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी प्रक्षेपणावरची स्थगिती उठवली, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही मालिका अडवण्यास नकार दिला. हे सर्व आम्ही नंतर वाचले. त्या रात्री आम्हांला एवढेच माहीत होते की नवीन मालिका आहे, ओम पुरी आहे, आणि फाळणीची आहे, म्हणजे आजीला दुभाषी लागणार.

बोळातली नेहमीप्रमाणे आली. थंडी होती, तिने वडिलांची शाल गुंडाळली होती. उंबऱ्यावर कोणी नव्हते, उशीर झाला होता. काका दाराशी उभे होते. हे काका वाईट नव्हते. राष्ट्रभाषेच्या परीक्षेचे तिचेही अर्ज तेच भरत आणि शुल्क स्वतःच्या खिशातून देत. ते हळू आवाजात म्हणाले, 'आज नको. आज तुझं काम न्हाई.' आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली.

ती पायरीवर बसली. घरी जावेसे का वाटले नाही ते तिला सांगता येत नाही. दारामागून आवाज येत होता. पहिल्याच प्रसंगात ते डुक्कर बराच वेळ ओरडते. काय मारताहेत ते तिला दिसत नव्हते. माणूस असेल असे तिला वाटले.

आत वाड्यातली आजीच्या पलंगाजवळ होती. घोंगडी रिकामी होती. आजीचा डावा कान मंद होता आणि दार डाव्या बाजूला. दाराशी झालेले बोलणे तिला ऐकू गेले नव्हते. 'पोरगी का आली न्हाई?' तिने विचारले. कोणी उत्तर दिले नाही. मालिका पुढे सरकली तशी ती पुन्हा पुन्हा विचारू लागली, 'काय चाललंय? कोण कुणाला मारतंय?' काकांनी मान वळवून वाड्यातलीकडे पाहिले. 'सांग तिला.'

दुभाष्याचे काम असे तिच्याकडे आले. ती म्हणाली, 'दंगल आहे, आजी. आपापसांत भांडताहेत.'

'आपापसांत म्हंजे कुणाकुणात?'

वाड्यातलीला शब्द येत होते. दोन्ही शब्द येत होते. ती म्हणाली, 'मला कळत नाही.' आजी थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली, मग तिने पांघरूण ओढून घेतले आणि भिंतीकडे तोंड केले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी 'रामायण' होते. बोळातली रात्री घरी गेल्यावर काही बोलली नव्हती. तिच्या वडिलांनी केळी फडक्यात बांधून तिच्या हातात दिली. 'जा,' ते म्हणाले, 'केळी दे आन् बस.' ती गेली. दार उघडे होते. टीव्हीला हार घातलेला होता. घोंगडी पसरलेली होती. काकांनी नेहमीसारखे 'ये' म्हटले. जे काही घडले होते ते फक्त शनिवारी रात्रीचे होते. आणि त्यानंतरच्या शनिवारी ती आपण होऊन गेली नाही, तेव्हा कडी घालण्याचीही गरज पडली नाही.

त्याच वर्षीच्या 2 ऑक्टोबरला 'महाभारत' सुरू झाले. संवाद राही मासूम रझा यांचे. बोळातलीच्या वडिलांनी हे नाव पडद्यावर वाचले. रविवारी तेही दाराशी उभे राहून पाहत, गाळ्यावर जाण्याची घाई असली तरी नावे संपेपर्यंत थांबत. घरी येऊन त्यांनी ते नाव दोनदा उच्चारले. दुसरे काही बोलले नाहीत.

आजी आता थकली होती, पण 'पांडवप्रताप' तिच्यात जागा होता. द्रौपदी पडद्यावर आल्यापासून तिला एक गोष्ट खटकत होती: मालिकेत जांभूळआख्यान येणार नाही असे तिला दिसत होते. ही लोककथा तिने गोंधळ्यांकडून ऐकलेली. एका रविवारी मालिका संपल्यावर तिने संच बंद करायला लावला, शटर ओढायला लावले आणि आम्हां दोघींना ती सांगितली. तिच्या सांगण्यात असे होते: द्रौपदीच्या मनात पाच पतींखेरीज कर्णाबद्दलही ओढ आहे. कृष्णाला ते कळते. तो सर्वांना रानात नेतो. तिथे एका झाडाला एकच जांभूळ लागलेले असते, भीम ते तोडतो, आणि मग कळते की ते एका ऋषीचे आहे. तो उठून बघेल तर शाप देईल. फळ पुन्हा देठाला लागायचे तर प्रत्येकाने मनातले खरे सांगितले पाहिजे. एकेक जण सांगतो तसे फळ वर चढते. द्रौपदीची पाळी येते, ती मनातले झाकते, आणि फळ थेट खाली येते.

इथे आजी थांबली. तिची ती रीतच होती, नेमके तिथे थांबण्याची. पाणी प्यायली. आणि बोळातलीकडे वळून म्हणाली, 'व्हय गं, त्या डुकराच्या गोष्टीच्या रात्री तू का आली न्हाईस? मी वाट बघिटली.'

काका खोलीत होते. वाड्यातली शेजारी बसली होती.

'झोप लागली होती, आजी,' बोळातली म्हणाली.

आजीने मान हलवली आणि आख्यान पुरे केले.

1990च्या जूनमध्ये 'महाभारत' संपले. पुढच्या दोन वर्षांत केबल आली, आणि 1994 साली उपग्रहावरून दूरदर्शनची मराठी वाहिनी सुरू झाली. तोवर पेठेत घरोघरी स्वतःचे संच आले होते आणि उंबऱ्यावर बसायला कोणी उरले नव्हते. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली. दूरदर्शन मराठी बोलू लागल्यावर तिला ते कसे वाटले असते, यावर आम्ही पुष्कळदा बोललो आहोत. बोळातलीचे मत, की ती बिनसली असती. आपल्याला सगळे कळते म्हटल्यावर विचारायला कोण येणार? वाड्यातलीला तसे वाटत नाही. असो.

एवढी वर्षे आम्ही आजीबद्दल, 'बुनियाद'मधल्या आंब्यांबद्दल, जांभळाबद्दल बोलत होतो. विद्यार्थ्यांना सांगत होतो, स्टाफरूममध्ये हसत होतो. 'तमस'बद्दल बोललो नव्हतो. 2020च्या टाळेबंदीत, 28 मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' आणि 'महाभारत' पुन्हा दाखवायला घेतले. आम्ही आपापल्या घरांत होतो आणि मालिका चालू असताना फोनवर. आजी असती तर इथे काय म्हणाली असती, हा खेळ चालू होता. एका सकाळी वाड्यातली सहज म्हणून गेली, 'काय दिवस होते. आपण सगळे एकत्र बसून पाहायचो.'

फोनवर बोळातली थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'आपण?'

आणि तिने ती रात्र सांगितली. शाल, पायरी, डुकराचे ओरडणे. सांगून झाल्यावर वाड्यातलीने सांगितले की तिला कडीचा आवाज ऐकू आला होता. त्या रात्रीही, आणि जांभळाच्या दिवशी आजीने विचारले तेव्हाही, तिला सर्व ठाऊक होते. 'मी उठले होते दार उघडायला,' ती म्हणाली, 'मला खाली बसवलं.' हे खरे की नंतर तयार झालेले, याची तिला स्वतःलाच खात्री नाही. बोळातली म्हणते, आतून कोणी उठल्याचा आवाज आला नव्हता. तिला त्या रात्रीचे सगळे आवाज आठवतात. या मुद्द्यावर आमचे एकमत झालेले नाही आणि लेखातही ते तसेच ठेवत आहोत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही 'तमस' पाहिली. बोळातल्याच घरी, तिच्या लॅपटॉपवर. दोघींनीही कादंबरी शिकवलेली होती, पण मालिका पाहिली नव्हती. एकीने तिचा एक तुकडा पांघरुणाआडून पाहिला होता आणि दुसरीने तिचा पहिला भाग दाराआडून ऐकला होता. ते डुक्कर खरेच फार वेळ ओरडते. नथू घामाघूम होतो. पंजाबी वाक्य आले की आम्ही थांबवून एकमेकींना अर्थ विचारत होतो, आणि दोघींनाही येत नसल्यास तो भाग तसाच सोडून पुढे जात होतो.

मध्येच तिचे वडील आत आले. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, गाळा मुलाकडे आहे. हातात पपईच्या फोडींची ताटली होती. ती टेबलावर ठेवून ते मागे उभे राहिले.

'कुठली मालिका?' त्यांनी विचारले.

'जुनी आहे,' बोळातली म्हणाली. 'तुम्ही नाही पाहिलेली.'

ते पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'बघिटली न्हाई. आवाज ऐकलाय. तू रातचं घरी आली न्हाईस म्हणून न्यायला आल्तो. पायरीवर बसलेलीस. मी मागं कोपऱ्याला उभा राहिलो. म्हटलं, उठंल तेव्हा उठंल.'

एवढे सांगून त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि आवाज जरा मोठा कर म्हणाले.